दमयंतीचा अर्धा किनारा

रत्नागिरीला लागून असलेल्या भाट्याच्या किनाऱ्यावर दर मे महिन्यात प्राथमिक शिक्षकांचं एक शिबिर भरायचं. पाच दिवसांचं. मुलांना झाडं, पाणी, किडे, मासे यांबद्दल शिकवायचं तर वर्गाबाहेर काढून शिकवावं, आणि त्यासाठी आधी शिक्षकांनी स्वतः उन्हात यावं, असा त्यामागचा विचार. विचार एका संस्थेचा होता. घाम मात्र महिपत घवाळी गुरुजींचा.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय सहासष्ट. अंगानं काटकुळे, बोलायला तिरसट. कुणी हसतमुखानं ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं तर ते आधी आभाळाकडे बघत आणि मग, बरी आहे, असं म्हणत. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांना ओळीनं किनाऱ्याच्या खडकाळ टोकाकडे नेत आणि प्रत्येकाला एकेक जागा नेमून देत. तिथं बसायचं. एक तास, एकट्यानं. मोबाइल आणि घड्याळ आधीच पिशवीत जमा. डोक्यावर छत्री, मांडीवर वही.

नियम दोनच होते. पहिला, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं, माहीत असलेलं लिहायचं नाही. ‘सागर अथांग आहे’ असं कुणी लिहिलं की गुरुजी विचारत, मोजलात काय? दुसरा नियम, कुणी उठवायला येईपर्यंत उठायचं नाही. एकदा चिपळूणकडचे एक मास्तर वीस मिनिटांत कंटाळून आपण होऊन परत आले, तर गुरुजींनी त्यांना हाताला धरून परत नेऊन बसवलं होतं. हा किस्सा ते दर वर्षी पहिल्या संध्याकाळी सांगत, आणि दर वर्षी मास्तरांची मिनिटं थोडी कमी होत.

हे सगळं गुरुजींना सुचलं कसं, असं लोक विचारत. गुरुजी नुसते हसत. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं त्यांचं नव्हतंच. ते लांज्याकडच्या आतल्या गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. लग्न होईपर्यंत त्यांनी समुद्र दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा लांबून. बायको दमयंती पूर्णगडची, तिचे वडील आणि काका गलबतावर गेलेले. भरती-ओहोटी तिला घरातल्या पाहुण्यांसारखी ठाऊक. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी पुरी, हा हिशोब तिनं नवऱ्याला भाकरी थापता थापता शिकवला. पुढे तोच हिशोब गुरुजी फळ्यावर मांडून शिक्षकांना शिकवत, आणि शिक्षक माना डोलावत. दमयंती तेव्हा मागच्या बाजूला नारळ खवत असायची.

शिबिराच्या कागदांवर तिचं नाव ‘स्वयंपाक’ या रकान्यात असे. सोळा शिबिरं तिनं रांधून घातलं. पण रांधणं हे तिचं अर्धंच काम. तास संपला की शिक्षकांना उठवायला दोघं दोन टोकांनी निघत. गुरुजी सुरूच्या बनाकडून, दमयंती पलीकडच्या टोकाकडून. मधे एक काळा, पाठ वर आलेला खडक आहे, त्याच्यापाशी दोघांची गाठ पडे. डोक्यावर पदर, हातात वहाणा घेऊन ती यायची आणि म्हणायची, “माझे झाले हो, तुमचे?” गुरुजी मान हलवत आणि दोघं आपापल्या माणसांना घेऊन मागं बनाकडे फिरत. उठवायची तिची रीत गुरुजींसारखी नव्हती. गुरुजी खांद्यावर पेन्सिल टेकवत. ती जवळ जाऊन हळूच म्हणायची, “पान वाढलाय, उठा आता.” पान काही तेव्हा वाढलेलं नसे, जेवायला अजून दोन तास असत. पण ते ऐकून माणसं अशी बघत की जणू कुणी त्यांना आईच्या घरात उठवलं.

जेवायला बनात केळीची पानं मांडली जात. जितकी माणसं तितकी पानं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. वाढून झालं की ती ओळीवरून नजर फिरवी. एखादं पान रिकामं दिसलं की, हे पान कुणाचं, म्हणून विचारी, आणि त्या माणसाला शोधून आणल्याशिवाय कुणाला पहिला घास घेऊ देत नसे.

गेल्या श्रावणात दमयंती गेली. चार दिवसांचा ताप, मग इस्पितळ, मग काहीच नाही. तेराव्याला घर भरलं होतं, चौदाव्याला रिकामं झालं. मुलगा नितेश डोंबिवलीला, त्याची नोकरी, त्याचा संसार. तो चला म्हणाला, गुरुजी नको म्हणाले. तेव्हापासून रोज रात्री आठला त्याचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, आप्पा, जेवलात? गुरुजी हो म्हणत. पुष्कळदा ते खरं नसे. एका माणसासाठी भात टाकायचा म्हणजे हात उचलत नाही. चहात बेकरीचं कडक बटर बुडवून खाल्लं की झालं, अशी कितीतरी रात्रींची गोष्ट.

घरात ते बोलायचेच नाहीत असं नाही. वाफ धरलेल्या झाकणाला बोलत, न लागणाऱ्या कडीला बोलत. पण माणसाशी म्हणून दिवसभरात दुधवाला आणि फोनवरचा मुलगा, दोनच. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मे महिन्याचे पाच दिवस पेन्सिलीनं रंगवून ठेवले होते आणि ते त्या दिवसांसाठी जगत होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, पण तसंच होतं.

एप्रिलमध्ये संस्थेचा सर्वेश घरी आला. तिशीचा मुलगा, स्वभावानं चांगला, शिबिराचं सगळं तोच जमवी. त्यानं चाचरत सांगितलं की यंदा अकराच शिक्षक आहेत, आणि संस्थेतल्या वरच्या लोकांना तो बसायचा तास धोक्याचा वाटतो. पुढच्या वर्षापासून शहरातल्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवून प्रशिक्षण घ्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. त्यानं भांडून हे एक वर्ष मिळवलं होतं. यंदा सगळं नीट पार पडलं तर शिबिर किनाऱ्यावर राहील आणि गुरुजींकडे राहील. काही झालं तर दोन्ही संपलं. गुरुजी म्हणाले, सोळा वर्षांत कुणाचा पाय मुरगळला नाही. सर्वेश म्हणाला, म्हणूनच सांगतोय.

जेवणाचं काय, असं गुरुजींनी विचारलं. सर्वेशनं मान खाली घातली आणि केटरर सांगितलाय म्हणाला.

शिबिर भरलं. दुसरा दिवस वैशाख वद्य पंचमीचा. पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती पुरी, म्हणजे सकाळी पावणेदहाला ओहोटी पुरी. नऊ ते दहा बसायचं. गुरुजींनी हिशोब तीनदा केला. हिशोबात काहीच चूक नव्हती, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

अकरा जणांना ते एकेका जागी बसवत गेले. माणसं कमी, त्यामुळे दहा जण काळ्या खडकाच्या अलीकडेच मावले. अकराव्या वैष्णवी मॅडम. चिपळूणच्या आत एका वाडीवर दोनशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्या, पस्तिशीच्या, सतत घाईत असल्यासारखं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, मला लांबची जागा द्या सर, जिथून कुणी दिसणार नाही अशी. गुरुजींना मागणी आवडली. काळा खडक ओलांडून, वळणापलीकडच्या शेवटच्या सपाट खडकावर त्यांनी त्यांना बसवलं. त्या खडकावर दमयंती नेहमी सगळ्यात हट्टी मास्तरांना बसवायला लावायची.

दहा वाजता गुरुजी उठवायला निघाले. एकेकाच्या खांद्यावर पेन्सिल टेकवत, वही बघत, ‘रम्य सकाळ’ खोडायला लावत ते काळ्या खडकापर्यंत आले. तिथं थांबले. टोपी काढून घाम पुसला, घोटभर पाणी प्यायले. जरा वेळ वळणाकडे बघत उभे राहिले. आणि मग मान हलवून मागं फिरले.

सोळा वर्षं पाय तिथून मागं फिरत होते. पलीकडचा भाग दमयंतीचा.

बनात येऊन चहा झाला, चर्चा झाली. वहीत काय दिसलं ते एकेकानं वाचलं. कालवं खडकाला कशी चिकटली होती, शंख पाठीवर घेऊन फिरणारा खेकडा वाळूवर कसली रेघ मागं ठेवून गेला, याच्यावर दोन मास्तरांचं छान जुंपलं, आणि गुरुजी कितीतरी महिन्यांनी मोठ्यांदा हसले. वैष्णवी मॅडम दिसत नाहीत हे एकदोघींच्या लक्षात आलं होतं. पण त्यांचं डोकं दुखत असेल, सर्वेशच्या गाडीत बसल्या असतील, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं. साडेबाराला केटररची माणसं टेबल लावून उभी राहिली. ज्यानं त्यानं ढिगातली थाळी उचलायची, वाढून घ्यायचं, सावली बघून बसायचं. बुफे म्हणतात त्याला. ढिगात साठ थाळ्या होत्या. कितीही उरल्या तरी त्या उरलेल्याच दिसणार.

गुरुजी थाळी हातात घेऊन उभे होते. बसावं कुठं ते कळत नव्हतं, कारण ओळच नव्हती. त्यांच्या मनात आलं, हिनं आत्ता नजर फिरवली असती. आणि सहज, ती फिरवायची तशी त्यांनी नजर फिरवली आणि माणसं मोजली. दहा.

त्यांनी पुन्हा मोजली नाहीत. थाळी तिथंच वाळूत ठेवली आणि धावत सुटले. सहासष्टाव्या वर्षी, ओल्या वाळूत, धोतर गुडघ्यावर धरून. सर्वेश गाडीपाशी फोनवर होता, बाकीचे जेवत होते. काळ्या खडकापाशी पोचले तर पाणी त्याच्या बुडाशी खेळत होतं. वळण ओलांडलं. शेवटच्या खडकाला चहूबाजूंनी पाणी लागलं होतं, आणि त्याच्या अगदी वरच्या टोकावर, उघड्या काळ्या छत्रीखाली, वही उराशी धरून वैष्णवी मॅडम बसलेल्या होत्या. बसलेल्याच.

गुरुजी पाण्यात शिरले. कमरेपर्यंत पाणी, पायाखाली निसरडं, एक लाट छातीवर आली तेव्हा ते पडता पडता राहिले. खडकाला हात लागला. वरून घाबरलेला पण नम्र आवाज आला.

“सर, आता उठू ना?”

गुरुजींनी हात वर केला. मॅडमनी छत्री मिटली, वही पदरात खोचली आणि त्यांचा हात धरून त्या पाण्यात उतरल्या. काठावर आल्यावर दोघं वाळूत बसले. गुरुजींना धाप लागली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. खारं पाणी गेलं म्हणाले.

मॅडमच आधी बोलल्या. तास संपला असणार हे त्यांना कळलं होतं. पण नियम मोडणाऱ्या मास्तरांचा किस्सा आदल्या संध्याकाळी ऐकलेला, त्यामुळे ही आपली परीक्षाच चाललीय असं त्यांनी धरलं. शिक्षक माणूस, परीक्षा म्हटली की हलायचा नाही. पाणी मागच्या बाजूनं आलं, ते दिसलंच नाही. दिसलं तेव्हा उतरायची हिंमत होईना. पोहता येत नव्हतं.

“शेवटचा थोडा वेळ लय भ्याले सर,” त्या म्हणाल्या. “पण त्याच्या आधी इतकं बरं वाटत होतं. घरी सासूबाई, पोरं, शाळेत ‘माहिती तातडीने पाठवा’. मला इतका वेळ कुणी हाक मारली नाही, असं कधी झालंच नव्हतं.”

गुरुजी मॅडमकडे बघतच राहिले. नऊ महिने घरात त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि ह्या बाईला तेच सुख वाटलं होतं. त्यांना राग आला नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं.

बनात परतल्यावर मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की मीच थांबले होते, सर बोलवायला आले तरी उठले नाही, येताना लाटेत भिजलो. सर्वेशनं तक्रारवजा हसून मॅडमना कोरडा टॉवेल दिला. विषय संपला. कुणाला काही कळलं नव्हतं, आणि कळण्याचं कारणही नव्हतं.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी सर्वेश अहवाल घेऊन आला. सगळे रकाने त्यानं भरले होते, सही तेवढी गुरुजींची हवी होती. ‘अनुचित घटना’ या रकान्यापुढे ‘निरंक’ लिहिलेलं होतं. गुरुजींनी चष्मा लावला आणि तो शब्द बराच वेळ वाचला. एवढी सही केली की पुढचा मे त्यांचा होता, त्याच्या पुढचाही. कॅलेंडरवरचे पाच दिवस त्यांना डोळ्यांपुढे दिसत होते. त्यांनी पेन उघडलं आणि ‘निरंक’ खोडला.

सर्वेश म्हणाला, काय करताय सर, मॅडमची काहीच तक्रार नाही. गुरुजी लिहीतच होते.

“सोळा वर्षं मी ह्यांना सांगतोय सर्वेश, दिसलं तेच लिहा,” ते म्हणाले. “आता माझ्यापुरतं वेगळं कसं लिहू?”

त्यांनी काय घडलं ते वेळेसकट चार ओळींत लिहिलं. खाली थोडी जागा उरली, तिथं आणखी दोन वाक्यं लिहिली: ‘या शिबिराचा अर्धा किनारा आजवर कै. दमयंती घवाळी बघत असत. यंदा तो कुणी बघितला नाही.’ सोळा वर्षांत तिचं नाव ‘स्वयंपाक’ सोडून दुसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच आलं. सही करून त्यांनी कागद परत दिला. सर्वेशनं तो वाचला आणि गाडी काढली.

जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. पुढील प्रशिक्षण सभागृहात होईल. गुरुजींच्या दीर्घ सेवेबद्दल उद्घाटनाच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल. गुरुजींनी कळवलं, नारळाची गरज नाही, दारात चार माड आहेत.

मग वर्ष गेलं. त्याचं वर्णन काय करायचं? दुधवाला आला, गेला. फोन आला, जेवलात, हो. दिवाळीनंतर एक आंतर्देशीय पत्र आलं, वैष्णवी मॅडमचं. शाळेमागच्या बांधावर त्या आपल्या चौदा मुलांना दर शनिवारी बसवतात, एकेकट्याला, अर्धा तास. दोन्ही नियम तेच ठेवलेत. फक्त एक बदल केलाय, असं त्यांनी लिहिलं होतं. ‘सगळ्यांना उठवून झालं की मी बसते, आणि तिसरीतली ईशा मला उठवायला येते. उठवणाऱ्यालाही कुणीतरी उठवायला हवं, नाही का सर?’ गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि दमयंतीच्या फोटोमागं खोचलं.

मे आला. कॅलेंडरवर या वेळी काही रंगवलं नव्हतं. पण वैशाख वद्य पंचमीला गुरुजी सकाळीच छत्री आणि वही घेऊन भाट्याला गेले आणि काळा खडक ओलांडून त्या शेवटच्या खडकावर बसले. ते आजवर कधी बसलेच नव्हते. बसवत आले होते. वहीत त्यांनी लिहिलं: कालवं. एक बगळा, एका पायावर. पाणी लांब. मग लिहायचं थांबले. दहा वाजून गेले असावेत. कुणी येणार नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी कान वळणाकडेच होते. पाणी खडकाच्या बुडाला लागलं तेव्हा ते आपण होऊन उठले आणि घरी आले. सोळा वर्षांचा नियम त्यांनी मोडला, आणि परत नेऊन बसवायला कुणी नव्हतं.

घरी ओटीवरच्या खुर्चीत टेकले ते टेकलेच. दुपार कलली, दिवेलागण झाली. दिवा लावला नाही. भूक लागली होती, पण उठून आत जायचं म्हणजे कशासाठी? आठ वाजता मांडीवरचा फोन वाजला.

“आप्पा, जेवलात?”

हो, असं तोंडाशी आलं होतं. गुरुजींनी अंधाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

“नाही रे,” ते म्हणाले. “सकाळपासून बसलोय. कुणी उठवायलाच आलं नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. नितेश रडतोय की काय, असं गुरुजींना वाटलं. मग तो बोलला. मुंबईत वीस वर्षं काढलेल्या त्याच्या बोलण्यात एवढे शब्द मात्र थेट आईच्या वळणाचे आले.

“उठा आता, आप्पा. भात टाका. मी फोन ठेवत नाय.”

गुरुजी खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले. दिवा लावला. फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा केला आणि मूठभर तांदूळ धुवायला घेतले. भात शिजेपर्यंत दोघंही फारसं काही बोलले नाहीत.